बुडबुडे दोषी, साखर निर्दोष

मध्यमवर्गीय मराठी घरात ‘गॅसवालं’ पेय म्हणजे बदनाम प्राणी. घशाला झोंबतं, नाकातून येतं, ढेकर काढतं, वाईटच असणार. म्हणून शहाणी आई लेकराच्या हातात आंब्याच्या पेयाचा पुठ्ठ्याचा डबा देते, वर स्ट्रॉही खोचून देते. फळ पोटात गेल्याचं समाधान! डब्यामागच्या बारीक अक्षरांत आंबा दहा-वीस टक्के आणि साखर कोलाच्या तोडीची. पण बुडबुडा औषधालाही नाही.

सरकारचंही मत वेगळं दिसत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा गॅसवाली पेयं 40 टक्क्यांच्या रांगेत बसली, आणि फळांच्या रसाची बिनगॅसची पेयं 12 टक्क्यांवरून 5 वर उतरली. साखर दोन्हीकडे आहेच. कर बसला फसफसण्यावर. (साखरसम्राटांच्या राज्यात साखरेला आरोपीच्या पिंजऱ्यात कोण उभं करणार, म्हणा.)

अडीचशे मिली कोलात साधारण सव्वीस ग्रॅम साखर असते. चहाचे सहा चमचे. कुठल्याही आजीनं नातवाला कपभर दुधात सहा चमचे साखर घालताना पकडलं, तर आधी त्याच्या हातावर चापट बसेल. तीच साखर थंडगार करून वाढदिवसाला कागदी ग्लासातून वाटली, की तिला लाड म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना 2015 पासून सांगतेय की वरची साखर दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर पाचच्या. सात वर्षांच्या पोराचा पाच टक्क्यांचा कोटा चार-पाच चमच्यांत संपतो. केक कापायच्या आधीच.

बरं, प्यायलेल्या साखरेनं पोट भरल्यासारखं वाटत नाही, पण भुकेची वेळ मात्र मोडते. पोरगं ताटातली पोळी चिवडत बसतं. मग ‘काही खातच नाही हो!’ अशी तक्रार, आणि तिच्यावर उतारा म्हणून दुधात घालायची चॉकलेटी पावडर. निम्मी दुधात जाते, निम्मी आई पाठमोरी झाली की कोरडीच, चमच्यासकट तोंडात. याच पावडरींपैकी बॉर्नव्हिटातल्या साखरेवरून 2023 मध्ये गदारोळ झाला. राष्ट्रीय बालहक्क आयोगानं कंपनीला नोटीस धाडली, वर्षअखेरीस साखर थोडी उतरली. एप्रिल 2024 मध्ये वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन दुकानांना कळवलं, असली पेयं ‘हेल्थ ड्रिंक’च्या यादीतून काढा, अन्नसुरक्षा कायद्यात तशी व्याख्याच नाही. यादी बदलली. स्वयंपाकघरातल्या फळीवरून डबा काही हलला नाही.

दात किडतात, वजन वाढतं, यकृतावर चरबी चढते. 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शाळकरी आणि किशोरवयीन मुलांपैकी साधारण दहातलं एक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळलं होतं. मोठ्यांचा आजार पोरांनी वेळेआधीच गाठला. बाकी अभ्यासात मागे असले तरी.

शाळांनी मात्र कर्तव्य केलंय. राज्य सरकारनं 2017 मध्ये उपाहारगृहांतून शीतपेयं, पिझ्झा, बर्गर हद्दपार केले. शीतपेयं फाटकाबाहेरच्या टपरीवर पुनर्वसित झाली. तिथं वीस रुपयांत लालभडक एनर्जी ड्रिंक मिळतं. ‘मुलांसाठी योग्य नाही’ ही सूचना बाटलीवर आहे, पण इतक्या बारीक टायपात की चौथीतल्या गिऱ्हाइकाला भिंग लागावं. जुलै 2024 मध्ये तत्कालीन अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी विधान परिषदेत जाहीर केलं, की जास्त कॅफिनची एनर्जी ड्रिंक्स शाळेपासून 500 मीटरच्या आत विकू देणार नाही. गुन्हा कॅफिनचा, साखर याही खटल्यातून सुटली. आणि 500 मीटर म्हणजे पोरांच्या सायकलला दोन मिनिटं, तीही वाटेत भांडण झालं तर.