पन्नास गुण फुकट

दहावीचे पेपर तपासण्यात हयात गेलेल्या माणसाला वाइन चाखायला नेऊ नये. आमचे दाजी बोर्डाचे मॉडरेटर होते. साताऱ्यात अजूनही काही टक्कल पडलेली माणसं त्यांना पाहून रस्ता बदलतात. भाचा मास्ट्रिख्टच्या विद्यापीठात शिकतो म्हणून आम्ही तिकडे गेलो, आणि त्याने आम्हाला थेट द्राक्षमळ्यात नेलं.

नेदरलँड्स म्हणजे परातीसारखा सपाट देश, अशी आपली समजूत. पण मास्ट्रिख्ट आहे पार दक्षिणेच्या टोकाला, बेल्जियमला खेटून. तिथे चक्क टेकड्या आहेत. येकर नदीच्या खोऱ्यावर लाउबर्ग नावाची टेकडी आहे. हुल्स्ट कुटुंबाने 1970 मध्ये तिथे द्राक्षवेली लावल्या. हाच तो अपोस्टेलहूव मळा. म्युलर-थुरगाऊ, ऑक्सेरुआ, पिनो ग्री, रीसलिंग, विओनिये अशी सगळी पांढऱ्या वाइनची मंडळी इथे नांदतात.

भाच्याने गुणांची पद्धत समजावली. अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी ती रूढ केली. एकूण गुण 100. त्यातले रंगाला 5, सुवासाला 15, चवीला 20, एकंदर दर्जाला 10.

"हे 50च झाले," दाजी म्हणाले.

"बाकीचे 50 प्रत्येक वाइनला आधीच दिलेले असतात, बाबा."

"म्हणजे कोरा पेपर दिला तरी 50? आमच्याकडे पोरं 35साठी नवस बोलतात!" दाजींनी ते 50 तिथल्या तिथे रद्द केले आणि खिशातून लाल पेन काढलं.

पहिली आली म्युलर-थुरगाऊ. हर्मान म्युलर यांनी 1882च्या सुमारास हा संकर केला, रीसलिंग आणि सिल्व्हानरचा म्हणून. पुढे डीएनए तपासला, तर दुसरा पालक सिल्व्हानर नव्हेच, मॅडेलिन रॉयाल निघाला. तरी दोन्ही जुन्या नावांतून जुळवलेलं 'रिव्हानर' हे नाव अजून चालतंच. "बरोबर आहे," दाजी म्हणाले, "दाखल्यावरचं नाव बदलायचं तर गॅझेटपर्यंत जावं लागतं."

ताई पीत नाही. "मी नुसता वास घेते," म्हणाली. ग्लास फार गार होता. गारठ्यात वास दबतो. तिने तो दोन्ही तळव्यांत धरून जरा ऊब दिली, डोळे मिटले आणि सांगितलं, "धणे."

भाचा हसला. त्याच्या कागदावर फुलं आणि लिंबाची साल होती. पण धण्यांना ज्या लिनालूलमुळे वास येतो, तेच द्रव्य सुवासिक द्राक्षांतही असतं. गोडा मसाला भाजून तयार झालेल्या नाकाने प्रयोगशाळेचं काम फुकटात केलं होतं.

मग ताई थांबेना. जरा मुरलेली रीसलिंग हुंगून म्हणाली, "ह्यात रॉकेल कुणी ओतलं?" ते कुणी ओतत नाही. ही वाइन मुरताना टीडीएन नावाचं द्रव्य तयार होतं, आणि जाणकार त्या वासाला कौतुकाने पेट्रोल म्हणतात. त्यांच्या घरी स्टो नव्हता, एवढाच फरक. विओनियेला ती "जर्दाळू" म्हणाली. पुस्तकंही तेच म्हणतात.

घोट थुंकायला भांडं ठेवलं होतं. दाजींनी त्याच्याकडे कॉपी करणाऱ्या मुलाकडे पाहावं तसं पाहिलं आणि प्रत्येक घोट गिळला. परिणामी मूल्यमापन उत्तरोत्तर उदार होत गेलं. ऑक्सेरुआला "स्वभाव सौम्य", पिनो ग्रीला "प्रगती समाधानकारक" आणि रीसलिंगला 50पैकी 43. दाजींच्या हातून एवढे गुण गणितातही कुणाला मिळाले नव्हते.

माझं मत विचाराल तर सुवासिक वाइन पारखायला पिणारा लागतच नाही, मसाला भाजणारा लागतो. मास्ट्रिख्टला गेलात तर घरातलं न पिणारं माणूस जरूर सोबत न्या. सुवासाचे 15 गुण ते बिनचूक देतं, आणि त्याचा अख्खा ग्लास तुमच्या वाट्याला येतो.