जागच्या जागी

कोणापुढे हात पसरायचा नाही, या तत्त्वावर आमचं घराणं वाढलं. शेजारून विरजण आणलं तरी वाटी परत करताना आई त्यात साखर घालायची. रिकामी वाटी पाठवणं म्हणजे उधारी. त्या घरातली मी, न्यू जर्सीत बसून ओळखीच्या यच्चयावत माणसांना मेल पाठवत होते, की बाबांनो, पैसे द्या. कशासाठी? तर मी सायकल चालवणार आहे म्हणून. आणि ती सायकल जागची तसूभरही हलणार नाही.

‘सायकल फॉर सर्व्हायव्हल’ हा न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेला उपक्रम. हिवाळा सरता सरता इक्विनॉक्स नावाच्या बड्या व्यायामशाळेत व्यायामाच्या सायकली ओळीनं मांडतात. एकेका सायकलीमागे एक टीम. टीममधल्यांनी आळीपाळीनं चढायचं, चारेक तास सीट रिकामी ठेवायची नाही. जमलेले देणगीचे पैसे मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलात दुर्मिळ कॅन्सरवरच्या संशोधनाला जातात.

पुण्याच्या मावशीला हे व्हिडिओ कॉलवर समजावताना माझा दम सायकलीवर चढण्याआधीच गेला.

“जाणार कुठून कुठे?”

“कुठेच नाही गं.”

“मग पैसे कसले?”

“चालवण्याचे.”

“आम्ही डेक्कनवरून मंडईला जन्मभर सायकल मारली. येताना दोन्ही हँडलांना भाजीच्या पिशव्या. आम्हाला कुणी आठ आणे दिले नाहीत.” थोडं थांबून तिनं विचारलं, “उतार तरी आहे का?”

उतार नाही. या सायकलीची खोड अशी, की पुढचं जडशीळ चाक आणि पेडल एकमेकांना बांधलेली असतात. आपण पाय थांबवले म्हणून पेडल थांबत नाही; तेच आपले पाय फिरवत राहतं. पुण्याच्या सायकलीवर घाम पुसायला, ओळखीच्या माणसाला हाक मारायला, झालंच तर नळस्टॉपच्या सिग्नलला एक पाय टेकून जगाकडे बघायला सवड असायची. इथे ती सोय नाही.

हे सुरू केलं जेनिफर गुडमन लिन या बाईनं. 2004 मध्ये तिला सार्कोमा झाल्याचं कळलं. सार्कोमा म्हणजे हाडं, स्नायू, चरबी अशा जोडऊतींचा कॅन्सर. मोठ्या माणसांच्या एकूण कॅन्सरमध्ये त्याचा वाटा शेकडा एकाच्या आसपास. उपचार चालू असतानाच तिच्या लक्षात आलं, की आपल्या आजारावर फारशी औषधं नाहीत, कारण शोधायला पैसे नाहीत. मग 2007 मध्ये तिनं आणि तिच्या नवऱ्यानं मित्रमंडळी गोळा करून मॅनहॅटनमध्ये या सायकली फिरवल्या. ती 2011 मध्ये गेली. सायकली अजून फिरताहेत.

दुर्मिळ म्हणजे किती? युरोपातला हिशेब असा, की वर्षाला लाख माणसांमागे 6 पेक्षा कमी नवे रुग्ण असतील तर तो कॅन्सर दुर्मिळ. पण असे प्रकार दोनशेच्या घरात आहेत, आणि सगळ्यांची बेरीज केली तर दर पाच कॅन्सर रुग्णांत निदान एक यांच्यातलाच निघतो. लहान मुलांचे तर बहुतेक सगळेच कॅन्सर या यादीत.

तरी पैसे मागताना अडचण येतेच. स्तनाचा कॅन्सर म्हटलं, की समोरच्याला कुणीतरी आत्या आठवते आणि हात खिशाकडे जातो. सार्कोमा म्हटलं, की लोक स्पेलिंग विचारतात. दुर्मिळ आजाराला मतपेढी नसते. औषध कंपनीला गिऱ्हाईक थोडं दिसतं, आणि चाचणी करायची तर तेवढे रुग्ण एका गावात सोडा, एका देशात सापडायची मारामार. यावर डॉक्टरांनी काढलेली युक्ती मला फार आवडते. रोग कुठल्या अवयवात आहे ते बघूच नका; जनुकात एकच बिघाड असलेले रुग्ण एकत्र करा. 2018 मध्ये लॅरोट्रेक्टिनिब या औषधाचे निष्कर्ष आले, शोधनिबंधाचे पहिले लेखक याच हॉस्पिटलातले. रुग्ण 55, कॅन्सर 17 प्रकारचे, सर्वांत लहान रुग्ण 4 महिन्यांचा आणि सर्वांत मोठा 76 वर्षांचा. त्यातल्या शेकडा 75 जणांच्या गाठी बऱ्यापैकी आकसल्या. त्याच वर्षी अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली.

हे सगळं मी मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. पाच मिनिटांत जोडलेल्या हातांचा पूर आला. “ग्रेट!”, “अभिमान वाटतो!”, “गो गर्ल!” एकानं सायकलीवरच्या गणपतीचं चित्र टाकलं. देणगीच्या लिंकवर मात्र कुणाचं बोट चुकूनही पडलं नाही. ऑफिसातल्या अमेरिकन सहकाऱ्यानं मेल पूर्ण वाचायच्या आत पन्नास डॉलर दिले. इतक्या झटपट, की मलाच त्याला थांबवून माहिती सांगावीशी वाटली.

मग एका काकांचा फोन आला. हे आयुष्यभर हिशेबतपासनीस. व्यवस्थापनाचा खर्च किती, तो कुठून जातो, पैसा किती दिवसांत वापरतात, करसवलतीची पावती कोण देणार, अशी तासभर माझी उलटतपासणी केली. शेवटी “बघतो” म्हणाले. आमच्यात “बघतो” म्हणजे नाही. पण रात्री यादीत सर्वांत मोठा आकडा काकांचा होता. नाव दिलं नव्हतं; आकडा मात्र एक डॉलर वर ठेवून दिलेला, त्यावरून ओळखले.

प्रत्यक्ष दिवसाबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. कानठळ्या बसवणारं संगीत, काळोख, पुढे माइक लावून “तुम्ही टेकडीवर आहात!” असं ओरडणारी अतिशय काटक मुलगी. मी टेकडीवर नव्हते, हे मला आणि माझ्या गुडघ्यांना पक्कं ठाऊक होतं. शेजारच्या सायकलीवरच्या बाईंच्या टी-शर्टवर मागे एका लहान मुलाचा फोटो होता. त्यांना कुणी काही ओरडून सांगायची गरज नव्हती.

घरी आल्यावर कळलं, की खरा व्यायाम पुढेच आहे. अमेरिकेतली देणगी म्हणजे आपल्या आहेराची वही. ज्यानं दिलं त्याला द्यावं लागतं, आणि वही सगळ्यांच्या डोक्यात पक्की असते. नेमका तोच गर्ल स्काउट मुलींचा बिस्किटं विकायचा हंगाम. ज्या ज्या सहकाऱ्यानं माझ्या सायकलीला हातभार लावला, त्याला त्याला एकेक मुलगी होती. फ्रीझरमधल्या मटारांना हलवून तिथे थिन मिंट्सचे खोके गेले. एका मुलीच्या शाळेचा पोहण्याचा तास झाला, एकाच्या कुत्र्यांच्या निवाऱ्यासाठीची शर्यत झाली. पन्नास डॉलरवाला सहकारी नोव्हेंबरात पुरुषांच्या कॅन्सरसाठी मिशी वाढवणार आहे, आणि त्या मिशीला मी पैसे द्यायचे आहेत. पन्नास बाजूला काढून ठेवलेत. दोन्ही टोकं सारखी आली, तर वर एक डॉलर ठेवीन.