व्हिक्टोरियन कादंबरी, मुक्काम पोस्ट फर्दापूर

व्हिक्टोरियन कादंबऱ्यांचा मराठी भक्त लगेच ओळखू येतो. सहाशे पानांखालच्या पुस्तकाला तो पुस्तकच मानत नाही. धुकं, ओसाड माळ, जळका वाडा आणि सारखी खोकणारी एखादी आत्या असल्याशिवाय त्याचं मन रमत नाही. ऐन वैशाखात तो यॉर्कशायरच्या वादळाचं वर्णन वाचतो आणि पंखा बारीक करतो. त्याचं मोठं दुःख एकच, लोक जेन ऑस्टिनला व्हिक्टोरियन म्हणतात. ‘बाई १८१७ साली वारल्या, राणी १८१९ साली जन्मली,’ हे तो लग्नाच्या पंगतीत, जिलबी वाढणाऱ्यालासुद्धा ऐकवतो.

अशा भक्ताला इंग्लंड परवडत नसेल, तर त्याने सरळ फर्दापूर गाठावं.

अजिंठ्याच्या घाटाखालचं हे गाव. इथे जुनी सराई आहे, हॉटेलं आहेत आणि टी-पॉइंट आहे. आपली गाडी तिथेच ठेवून लेण्यांकडे बसने जायचं. बस येईपर्यंत चकाकणारे दगड विकणारे गराडा घालतात. लेण्यांचं पुस्तक मिळतं, डिकन्स मिळत नाही. पण डिकन्सला हेवा वाटावा असं कथानक याच डोंगरात घडलं आहे.

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा कंपनीचा अधिकारी वाघाच्या शिकारीला म्हणून इथे आला आणि त्याला लेणी दिसली. वाघाचं काय झालं ते बाजूला ठेवू. साहेबाने दहाव्या लेण्यात स्वतःचं नाव मात्र कोरून ठेवलं. गडकिल्ल्यांवर बाण आणि बदाम कोरणाऱ्या आपल्या प्रेमवीरांचा हा मूळपुरुष. त्यानंतर सव्वीस दिवसांनी, २४ मे रोजी, लंडनमध्ये व्हिक्टोरियाचा जन्म झाला. म्हणजे जगाला अजिंठा राणीच्या आधी मिळाला, हा मुद्दा भक्ताने पंगतीसाठी टिपून ठेवावा.

कथानायक आला १८४४ नंतर. मद्रासच्या फौजेतला रॉबर्ट गिल. लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करण्यासाठी कंपनीने त्याला नेमलं. लग्न झालेला, पोराबाळांचा माणूस. १८४७ साली लंडनमध्ये ‘जेन एअर’ आणि ‘वुदरिंग हाइट्स’ प्रसिद्ध होत होत्या, तेव्हा हा गृहस्थ निजामाच्या मुलखात, वटवाघळांच्या सहवासात भिंतींवरच्या राजकन्या कॅनव्हासवर उतरवत होता. पारो नावाच्या स्थानिक स्त्रीवर त्याचा जीव जडला. तिची कबर घाटावरच्या अजिंठा गावात आहे आणि तिच्यावर २३ मे १८५६ ही तारीख आहे. परमुलूख, विवाहित नायक, समाजाला न मानवणारं प्रेम, अकाली मृत्यू. राहिली होती फक्त आग.

तीही लागली. गिलची चित्रं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. ३० डिसेंबर १८६६ रोजी तिथे आग लागली आणि बहुतेक सगळी खाक झाली. ‘जेन एअर’मधला रॉचेस्टरचा वाडा तरी एका पात्राने पेटवला होता, इथे वर्षानुवर्षांची मेहनत कुणी वैरी नसताना गेली. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन नव्याने नकला केल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ साली लंडनलाच जळाल्या. ही चित्रं डोंगरात शतकानुशतकं टिकतात. त्यांना विलायतेची हवा तेवढी मानवत नाही. एखाद्या कादंबरीकाराने दोनदा आग लावली असती, तर संपादकाने एक नक्की कापली असती.

आता सिनेमा. भक्ताच्या घरात या विषयावरून कायम भांडण असतं. सिनेमावाल्यांनी पुस्तकाचे हातपाय तोडले, ही त्याची ठरलेली तक्रार, आणि ती खोटी नाही. १९३९च्या ‘वुदरिंग हाइट्स’ चित्रपटात पुढची पिढी सरसकट गाळली आहे. अर्धी कादंबरी गेली. आपल्याकडे ‘संगदिल’ (१९५२) हा ‘जेन एअर’वरून आणि ‘दिल दिया दर्द लिया’ (१९६६) हा ‘वुदरिंग हाइट्स’वरून बेतलेला. दोन्हींत नायक दिलीपकुमार! म्हणजे दोन ब्राँटे बहिणींचे दोन्ही नायक एकाच माणसाने निभावले. असा जावई त्या बहिणींच्या वडिलांना, हॉवर्थच्या पाद्रीबाबांना, कितीही शोधून सापडला नसता.

गिलच्या बाबतीत मात्र गंगा उलटी वाहिली. याच परिसरातल्या पळसखेड्याच्या ना. धों. महानोरांनी ‘अजिंठा’ ही दीर्घकविता लिहिली आणि तिच्यावरून नितीन चंद्रकांत देसाई यांनी २०१२ साली त्याच नावाचा चित्रपट काढला. सोनाली कुलकर्णी त्यात पारो झाली. कविता असल्यामुळे कापाकापीला वाव नव्हता, उलट भर घालावी लागली. ती पडली प्रेमात, निसर्गात आणि गाण्यांत. डोळ्यांना गोड वाटतं सगळं, पण व्हिक्टोरियन भक्ताची भूक त्याने भागत नाही. त्याला प्रेमाइतकीच कंपनीची पत्रं, खर्चाची बिलं, ओल आणि ताप हवा असतो. डिकन्सने गिलच्या एका वरिष्ठ कारकुनावर तीन प्रकरणं खर्ची घातली असती. शिवाय १८६४ साली गिलच्या छायाचित्रांचं पुस्तक जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह लंडनला निघालं. चित्रकार छायाचित्रकार कसा होतो, हे एकटंच शंभर पानांचं काम आहे.

एवढं करून गिल राहिला इथेच. १८७९ साली तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

हे सगळं मावायला लांबलचक कादंबरीच हवी, आणि मराठीला अशा लांबणीचं वावडं कधीच नव्हतं. हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिती’ रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या आधाराने उभी राहिली आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही ‘करमणूक’मधून हप्त्याहप्त्याने वाचकांनी पुरवून पुरवून वाचली. तेव्हा गिलवर कुणीतरी सहाशे पानी मराठी कादंबरी लिहाच, हप्त्यांनी. सिनेमा मागाहून काढता येईल. तेव्हा कापायला निदान काही हाताशी असेल.