होडी निघाली हायवेनं

अहो वहिनी, या ना अशा इकडे. त्या फळीला रेलू नका तेवढं, खिळा वर आलाय. सकाळी पाहिलंत का, पलीकडच्या आजोबांची होडी आली परत? हो, तीच ती ट्रेलरवरची. तुम्ही या गल्लीत नव्या, तुम्हाला ही भानगड ठाऊक नसणार. आपल्या सोसायटीचा नियम असा, की घरासमोर होडी दिसता कामा नये. गॅरेजात ठेवा, नाहीतर कुठे भाड्याच्या जागेत. आता बावीस फुटी होडी, खाली ट्रेलर, वर आडवी बांधलेली डोलकाठी. मावायची कशी? आली नोटीस. आजोबा कमिटीपुढे गेले आणि म्हणाले, ‘ही होडी ठेवलेली नाही, ही निघालेली आहे. मला निघायला जरा वेळ लागतो, एवढंच.’ आता बोला!

हसताय काय, माणूस बेरकी आहे खरा, पण होडीच्या बाबतीत त्याचं म्हणणं मला पटलंय. आम्ही दोघं जाऊन आलो ना त्यांच्याबरोबर, कीजला! फ्लोरिडा कीज हो, मायामीच्या खालून बेटांची ओळ सुटते आणि वळत वळत की वेस्टपर्यंत जाते, ती. आमचे हे मूळचे मालवणचे, शीड दिसलं की यांचे पाय जमिनीवर ठरत नाहीत. मी गेले ती एवढ्याचसाठी, की घरी बसून काळजी करण्यापेक्षा तिथे जाऊन करावी.

होडी कॅटलिना २२. जुना नमुना, १९६९ पासूनचा, फ्रँक बटलर म्हणून गृहस्थ होते त्यांनी काढलेला. पंधरा हजारांवर होड्या झाल्यात म्हणे त्या जातीच्या. आजोबांनी ही कुणाच्या तरी परसातून उचलली, तेव्हा आतल्या गाद्यांना उंदरांचा वास येत होता. आजींनी आधी त्या गाद्या फेकल्या, मग नवऱ्याशी बोलल्या. पण खरी गंमत पोटाखाली आहे. तिथे लोखंडाचं जड पातं असतं, कील म्हणतात. अडीचशे किलोचं धूड! वाऱ्यानं होडी कलंडू नये म्हणून ते खाली सोडायचं. आणि आत हँडल असतं, विहिरीच्या रहाटासारखं फिरवायचं, की पातं वर. पातं खाली असलं तर होडीला पाच फूट पाणी लागतं, वर घेतलं की दोन फूट. बास, या दोन फुटांत सगळं आलं.

कसं म्हणता? सांगते. त्या बेटांच्या एका अंगाला अटलांटिक. तिथे पाचसहा मैल आत समुद्रात पोवळ्यांचा बांध आहे. बेटं आणि बांध यांच्यामध्ये हॉक चॅनेल म्हणून लांबलचक वाट आहे, तिथून बऱ्यापैकी मोठ्या बोटी जातात. दुसऱ्या अंगाला फ्लोरिडा बे. हा म्हणायचा समुद्र, पण सरासरी खोली एक मीटर! तुम्ही-आम्ही उभे राहिलो तर पदर भिजणार नाही अशा जागा. खाली समुद्रगवत, मध्ये कांदळवनाची बेटं, माणूस नाही काणूस नाही. मोठ्या नौकावाले तिकडे दुर्बिणीनं बघतात नुसते. आजोबा पातं वर घेतात आणि कांदळवनाच्या कुशीत जाऊन नांगर टाकतात.

आपल्या कमिटीचे अध्यक्ष ठाऊक आहेत ना? त्यांची चाळीस फुटी आहे. होय तर, म्हणूनच दुसऱ्याची होडी डोळ्यांत सलते. ती बारा महिने मरीनात बांधलेली, भाडं चालू. गेल्या हिवाळ्यात नेली कीजला आणि गवतात रुतवली. बरं, आमच्या मालवणला होडी रुतली तर माणूस विडी ओढत बसतो, भरती आली की उचलते. तिथे मोठ्या भरतीला दोनेक मीटर पाणी चढतं-उतरतं. इकडे चढून चढून चढणार किती, फूट-दोन फूट, आणि बेच्या आतल्या अंगाला तर तेवढंही नाही. वाट बघत बसलात तर बसलातच. शेवटी टोइंगवाला बोलवायचा, त्याचं बिल द्यायचं, आणि पंख्यानं समुद्रगवत उपटलं म्हणून सरकारचा दंड वेगळा. ते गवत वर्षानुवर्षं भरून येत नाही. कीजभोवतीचं पाणी सागरी अभयारण्य आहे, १९९० पासून. हे सगळं अध्यक्षीणबाईंनीच मला सांगितलं, कुणाला सांगू नकोस म्हणून.

आमचे हे मात्र पहिल्या दिवशी भेदरले होते. म्हणाले, ‘आमच्याकडे पाणी गढूळ, तळ दिसत नाही म्हणून माणूस निर्धास्त. इथे सारखा तळ दिसतोय, आता लागली, मग लागली.’ खरंच आहे, वीस फूट पाण्यातला शिंपला दिसतो. मग आजोबांनी त्यांना पाण्याचे रंग शिकवले. गडद निळं म्हणजे खोल, खुशाल जा. हिरवट म्हणजे ठीक. पांढरट म्हणजे वाळू वर आलीय, बघून जा. तपकिरी दिसलं की गवत नाहीतर खडक, लांब राहा. पण हे रंग सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असला तरच दिसतात. सकाळी पूर्वेकडे तोंड करून निघालात तर पुढे नुसती चकाकी. म्हणून आजोबा उशिरा निघतात आणि लवकर थांबतात. आजी म्हणतात, मुळात आळशी आहेत, सूर्याचं निमित्त.

आता आजींचं ऐका. त्या होडीत बसतच नाहीत! त्या ट्रक चालवतात. तिथला वारा बहुतेक पूर्वेकडून, आग्नेयेकडून, आणि बेटं वळतात नैर्ऋत्येला. म्हणजे की लार्गोहून की वेस्टकडे जाताना वारा पाठीशी, मजेत जा. परत येताना तोच वारा तोंडावर, दिवसच्या दिवस नागमोडी काढत या, अंग ठेचून घ्या. तर यांची युक्ती अशी, की आजोबा होडी घेऊन पाण्यानं जाणार आणि आजी रिकामा ट्रेलर घेऊन रस्त्यानं. एकच रस्ता, ओव्हरसीज हायवे, ११३ मैल आणि बेचाळीस पूल. पत्तेसुद्धा मैलाच्या दगडावर. की वेस्टला शून्य, आणि अमुक दगड, समुद्राच्या अंगाला की बेच्या अंगाला, झाला पत्ता. आजी दोनअडीच तासांत पोचतात, आजोबा कित्येक दिवसांनी, आणि तेवढ्या काळात आजी जे पुस्तक वाचतात ना, त्यातच त्यांच्या संसाराचं गुपित आहे असं माझं मत.

आम्ही दोघं दिवसा होडीत, रात्री किनाऱ्यावर तंबूत. कारण आत चार माणसं झोपतात असं कागदावर लिहिलंय, पण ती चार माणसं कोण, ते लिहायला हवं होतं. मान वर करून उभं राहता येत नाही. चूल म्हणजे एक बर्नर. आणि संडास म्हणजे झाकणाचा डबा, जिन्याच्या पायरीखाली! हो वहिनी. आणि तो समुद्रात ओतायचा नाही. कीजच्या सगळ्या पाण्यात बंदी आहे. सांभाळून किनाऱ्यावर आणायचा, ठरलेल्या जागी रिकामा करायचा. समुद्रपर्यटनाच्या फोटोत हा डबा कुणी दाखवत नाही.

गोडं पाणीही मोजून. त्या बेटांवर पाणीच नाही हो. पूर्वी पावसाचं साठवायचे, मग १९४२ साली नौदलानं मुख्य भूमीवरून पाइप टाकला. किनाऱ्यावर नळ आहेत, पण होडीत कॅन भरूनच न्यायचे. मी भांडी समुद्राच्या पाण्यात घासून शेवटी वाटीभर गोड्या पाण्यात खंगाळत होते. आमच्या सासूबाई दुष्काळात असंच करायच्या. हे सांगितलं, तेव्हा आजोबांना माझं फार कौतुक वाटलं.

बेटं मात्र एकेक बघण्यासारखी. इंडियन की म्हणून इवलंसं आहे, रस्ता जात नाही, होडीनंच जायचं. एकेकाळी तिथे गाव होतं, १८३६ साली डेड काउंटीची कचेरी तिथे होती. धंदा काय, तर बांधावर आपटून फुटलेल्या जहाजांतला माल सोडवायचा. दुसऱ्याचं जहाज फुटलं की यांची दिवाळी. १८४० साली हल्ला झाला, गाव जळालं. हेन्री पेराइन नावाचे वनस्पतींचे जाणकार डॉक्टर त्यात गेले. बायको-मुलं घराखाली कासवं ठेवायच्या कोंडवाड्यात लपली म्हणून वाचली. आणि त्या पेराइननी मेक्सिकोकडून आणून लावलेलं काय, ठाऊक आहे? घायपात! आपल्याकडे शेताच्या बांधावर असतो ना, वाखाचे दोर काढतात, त्याच घराण्यातला. मी त्या उन्हात घायपाताजवळ उभी राहून फोटो काढला, तर हे म्हणाले, एवढं विमानाचं भाडं भरून अमेरिकेत आलो ते बांधावरचं झुडूप बघायला?

तिथून पुढे बहिया होंडा. कीजमध्ये वाळूचे किनारे कमीच, लाटा बाहेर बांधावर फुटतात. बहिया होंडाला वाळू आहे, आणि डोक्यावर मोडका पूल. हेन्री फ्लॅग्लर म्हणून तेलातला बडा असामी, त्यानं म्हातारपणी समुद्रावरून की वेस्टला रेल्वे नेली. १९१२ च्या जानेवारीत पहिली गाडी पोचली, पुढच्या वर्षी हा गेला. १९३५ च्या वादळात रेल्वे गेली, ती कायमची. मग १९३८ मध्ये तिच्याच पुलांवरून मोटारींचा रस्ता काढला. बहिया होंडाचा पूल लोखंडी कैचीचा आणि आतून अरुंद, मग काय करावं, रस्ता त्या कैचीच्या माथ्यावरून नेला! पुलाखालून जाताना मी वर बघत होते आणि हे पाण्याकडे. पुलाखाली ओढ फार. दोन अंगांच्या भरतीच्या वेळा जुळत नाहीत, म्हणून पाणी या समुद्रातून त्या समुद्रात नुसतं धावत असतं. मोठ्या शिडाच्या बोटींना सगळ्या पुलांखालून जाता येत नाही, पासष्ट फुटांची उंच जागा मोजक्या ठिकाणी. आजोबा वेळ पडली तर डोलकाठीच आडवी करतात. ती करताना मात्र आजी हजर लागतात, कारण ‘सोड’ आणि ‘धर’ यांतला फरक आजोबा ऐन वेळी विसरतात.

त्रास? होता की. हिवाळ्यात जायचं, कारण उन्हाळ्यात उकाडा आणि वादळं. पण हिवाळ्यातही मधूनमधून उत्तरेचा गार वारा सुटतो. आधी वारा दक्षिणेला फिरतो, मग पश्चिमेला, आणि मग एकदम उत्तरेकडून थोबाडीत. यांनी ते बरोबर ओळखलं. म्हणाले, ‘वारा उजवीकडे फिरतोय, चला आडोशाला.’ लगेच बेटाच्या दक्षिण अंगाला जाऊन दोन फुटांत दडलो. मोठ्या बोटी मोकळ्यावर रात्रभर नांगर ओढत होत्या, त्यांचे दिवे हेलकावताना दिसत होते. आणि वारा पडला की त्या बारीक माश्या, नो-सी-अम. दिसत नाहीत म्हणून नाव तसं. साध्या जाळीतून आत येतात. ओडोमॉस नेलं होतं, त्यांना ते आवडलं बहुतेक.

की वेस्ट? गर्दी, दारू आणि कोंबड्या. खरंच कोंबड्या, रस्त्यातून मोकळ्या फिरतात. पण त्या गावाचा एक किस्सा ऐकाच. १९८२ साली सरकारनं हायवेवर नाकाबंदी केली, बेटांवरून येणारी प्रत्येक गाडी तपासायची. पर्यटक बंद झाले. तेव्हा महापौरांनी जाहीर केलं, आम्ही अमेरिकेतून फुटलो, आता आमचं शंख प्रजासत्ताक! अमेरिकेशी युद्ध पुकारलं, एका मिनिटात शरण गेले आणि शंभर कोटी डॉलर परदेशी मदत मागितली. मदत मिळाली नाही, पण झेंडा अजून फडकतो, टी-शर्ट अजून खपतात. आजोबा म्हणाले, सोसायटीशी असंच वागायला हवं.

आता पुढचं कानावर आलंय ते सांगते, पण माझं नाव घेऊ नका. आजोबांच्या डोक्यात ड्राय टोर्टुगास शिरलंय. की वेस्टच्याही पुढे सत्तर मैल, उघडा समुद्र. तिथे फोर्ट जेफरसन आहे, एक कोटी साठ लाख विटांचा किल्ला, तोही अर्धवट. लिंकनच्या मारेकऱ्याच्या पायावर ज्या डॉक्टरनं उपचार केले, त्याला तिथेच कोंडलं होतं. आणि ‘ड्राय’ अशासाठी की गोडं पाणी नाही. पेट्रोल नाही, दुकान नाही, आणि वारा फिरला तर पळायला दोन फुटांचा कोपराही वाटेत सहजी नाही. लहान होडीचं सगळं शहाणपण की वेस्टपर्यंतच, असं मला वाटतं. हे अर्थात उड्या मारतायत बरोबर जायला.

आजींना विचारलं, तर त्या शांतपणे कणसं सोलत म्हणाल्या, ‘जाऊ देत. की वेस्टहून किल्ल्याला रोज फेरीबोट जाते, मी तिचं तिकीट काढलंय. जेवण धरून.’ मी म्हटलं, आजोबांना सांगितलंत? तर म्हणाल्या, ‘इतक्यात नको. आधी त्यांना त्या होडीत पाण्याचे कॅन मोजू दे.’