निरंक

सरकारी कचेरीत मी ३१ वर्षे तक्ते भरले. रकाना रिकामा दिसला की ‘निरंक’ लिहायचे, सही ठोकायची आणि चहाला जायचे. त्याच सवयीने परवा माझा घात केला.

निवृत्तीनंतर बायकोने ‘लिपिड प्रोफाइल’चा लकडा लावला. माझे वजन ५८ किलो. शर्ट हँगरवरून काढून माझ्या अंगावर चढवला, तरी शर्टाला फरक कळू नये. “कोलेस्टेरॉलला इथे जागा तरी आहे का?” असे मी सोसायटीच्या बाकावरच्या ढेरपोट्यांना रोज ऐकवत असे.

लॅबमधली मुलगी म्हणाली, “काका, उद्या उपाशीपोटी या.” उद्या नेमकी एकादशी! पहाटे साबुदाण्याची खिचडी, वर साजूक तूप आणि दाण्याचे दोन लाडू, असा कडक उपास करून मी रक्त दिले.

संध्याकाळी रिपोर्ट आला. ट्रायग्लिसराइड ४३६. हा प्राणी ओळखीचा नव्हता, म्हणून सोडून दिला. एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, एवढे मात्र ऐकून होतो. त्याच्यापुढे नुसती रेघ. निरंक! मी बाकावर पाव किलो पेढे वाटले. उरलेले तीन मीच संपवले.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. “साहेब, एलडीएल बहुधा हिशेबाने काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे चांगले कोलेस्टेरॉल, आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करायचा. १९७२चे सूत्र आहे. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेले की ते चालत नाही. हे निरंक नव्हे, ‘माहिती अप्राप्त’ आहे. काय खाऊन गेला होतात?”

“अहो, सांगा ना खिचडीचं,” बायको म्हणाली.

पुन्हा तपासणी. या वेळी बारा तास खराखुरा उपाशी, बायकोच्या पहाऱ्यात. ट्रायग्लिसराइड २६८, हवे १५०च्या आत. एचडीएल ३४, पुरुषाला हवे निदान ४०. सरासरी साखर सांगणारे एचबीएवनसी ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आता खिचडीवर ठपका ठेवायची सोय उरली नाही.

“इन्सुलिनचे हुकूम शरीर मानेनासे झाले की यकृत रक्तात चरबी सोडत सुटते,” डॉक्टर म्हणाले. “ट्रायग्लिसराइड चढते, एचडीएल उतरते. ही जोडी म्हणजे मधुमेह आणि हृदयविकार या दोघांची आगाऊ नोटीस.”

“पण मी तर बारीक!”

तेव्हा त्यांनी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट सांगितली. त्यांनी आणि इंग्लंडच्या डॉ. जॉन युडकिनांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! आपली माणसे वरून काटक, आतून लोण्याचे मडके. मग डॉक्टरांनी माझ्या पोटाला टेप लावली. ९२ सेंटिमीटर. भारतीय पुरुषाची मर्यादा ९०. मी जन्मभर शर्ट ढगळ का शिवतो, ते टेपला एका फेरीत कळले.

आता घरी एक वही आहे. रोज रात्री ‘आज खाल्लेले गोड’ या रकान्यात मी ‘निरंक’ लिहितो. काल त्याखाली बायकोच्या अक्षरात शेरा दिसला : ‘डबा तपासला. दोन लाडू कमी. खुलासा सादर करावा.’