माणूस चांगला आहे हो!

जुनी गाडी बघायला गेलेला मराठी माणूस आधी गाडीकडे बघतच नाही. तो अंगण बघतो. हिरवळ कापलेली आहे का, दाराशी चपला ओळीत आहेत का, पोरं नीट बोलतात का. मालकाने चहाचं विचारलं की निम्मा सौदा तिथेच झाला. बॉनेट उघडायच्या आत निकाल लागलेला असतो, "माणूस चांगला आहे हो!" असेलही. पण तो आपल्या घरी यायचा नसतो, गाडी यायची असते.

ऑकलंडमध्ये हे मी वरचेवर पाहतो. भारतातून नव्याने आलेल्या मंडळींना गाडी बघताना सोबत एखादे 'काका' लागतात, आणि वयोमानाप्रमाणे ते पद माझ्याकडे चालत आलं आहे. इंजिनातलं मला फारसं कळत नाही. पण काका बरोबर असले की आपण फसणार नाही, असा नव्या पिढीचा गोड गैरसमज आहे, आणि मी तो आजवर मोडलेला नाही.

इथल्या रस्त्यांवरच्या पुष्कळ गाड्यांनी आपली उमेदीची वर्षं जपानात काढलेली असतात. जपानी वाहतूकही डावीकडून चालते, त्यामुळे स्टिअरिंगची बाजू जुळते. शिवाय तिथे नव्या गाडीची पहिली सरकारी तपासणी तीन वर्षांनी आणि पुढच्या दर दोन वर्षांनी. ती खर्चिक, म्हणून तिथले लोक धडधाकट गाडीही विकून मोकळे होतात. न्यूझीलंडने १९९८ साली गाड्यांवरचं आयात शुल्क काढून टाकलं, त्याच वर्षी इथले जोडणीचे शेवटचे कारखानेही बंद झाले. तेव्हापासून डेमिओ, फिट, अ‍ॅक्वा अशी मंडळी बोटीने येतात आणि इथलीच होऊन जातात. अगदीच इथली नव्हे. किल्ली फिरवली की आतून एक बाई अत्यंत अदबीने जपानीत सांगते की टोलचं कार्ड घातलेलं नाही. बऱ्याच गाड्यांतला एफएम रेडिओ नव्वदच्या पुढे जात नाही, त्यामुळे ऑकलंडची बरीचशी स्टेशनं त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतात.

खरी अडचण वेगळीच आहे. विकणारा बहुधा गाडीचा इथला दुसरा नाही तर तिसरा मालक. तुम्ही विचारता, मीटर खरा आहे ना? तो छातीवर हात ठेवून सांगतो, अगदी खरा. बिचारा खोटं बोलत नसतो. त्यालाही आधीच्या मालकाने छातीवर हात ठेवूनच सांगितलेलं असतं. लबाड माणूस कुठेतरी अडखळतो, नजर चुकवतो, नको तिथे जास्त बोलतो. मनापासून बोलणारं अज्ञान अडखळत नाही, म्हणून त्याची मला जास्त धास्ती वाटते.

माउंट रॉस्किलमध्ये एका नव्या जोडप्याबरोबर अशीच एक गाडी बघायला गेलो होतो. विकणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका. गाडी आरशासारखी लख्ख, मीटरवर शहाऐंशी हजार. मुलीने माझ्या कानाशी येऊन तो ठरलेला निकाल दिलाच. मी आपलं काहीतरी करायचं म्हणून ड्रायव्हरचा दरवाजा पूर्ण उघडला. चौकटीच्या खांबावर एक फिकुटलेलं स्टिकर होतं, तिकडच्या ऑइल बदलणाऱ्याने लावलेलं. अक्षरं जपानी, पण आकडे तर आकडेच. वर्ष २१, आणि पुढे किलोमीटर १,१२,०००. जपानात सम्राटांच्या कारकिर्दीप्रमाणे वर्षं मोजतात. हेइसेई पर्वाचं पहिलं वर्ष १९८९, तेव्हा एकविसावं म्हणजे २००९. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवून इसवी सन काढायची शाळेतली विद्या इतक्या दूर कामी आली. गाडी २००९ साली एक लाख बारा हजारांवर होती आणि आज शहाऐंशी हजारांवर. बाई खरोखरच हबकल्या. ते स्टिकर त्या दर रविवारी स्वतःच्या हाताने फडक्याने पुसत आल्या होत्या.

हा केवळ आकड्याचा प्रश्न नाही. अनेक इंजिनांत कॅमबेल्ट लाखभर किलोमीटरला बदलावा लागतो. मीटर मागे फिरवला की बेल्टची पाळी कुणाच्याच ध्यानात न येता टळून जाते. मग तो एके दिवशी मोटरवेवर तुटतो, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीला मागे टाकतो. होक्काइडोसारख्या बर्फाळ भागातून आलेली गाडी असेल, तर रस्त्यावर टाकलेल्या मिठाने तिचं पोट गंजलेलं असू शकतं, वरून रंग कितीही चमको. पुरात बुडालेली असेल, तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा. सीटची धुलाई सगळे करतात, पट्ट्याच्या टोकाला सुकलेला चिखल राहून जातो.

विकणारा 'वॉरंट ऑफ फिटनेस' हे तपासणीचं प्रमाणपत्र अभिमानाने दाखवतो. ब्रेक, टायर, दिवे त्या दिवशी ठीक होते, एवढीच त्याची ग्वाही. इंजिन आणि गिअरबॉक्स किती दिवसांचे सोबती आहेत, याबद्दल ते मौन पाळतं. दुकानातून गाडी घेतली तर ग्राहक हमीचा कायदा पाठीशी असतो, खासगी सौद्यात तो नाही. आधीच्या मालकाने गाडी तारण ठेवून कर्ज काढलेलं असेल, तर ते गाडीला चिकटूनच येतं. सरकारी तारण नोंदवहीत गाडीचा नंबर घालून दोन मिनिटांत ते कळतं, पण चहा झाल्यावर फोन काढून नंबर घालायचा म्हणजे कसंसंच वाटतं.

आणि विकणारा आपल्यातलाच असेल तर विचारूच नका. गणपतीची आरती झालेली, हातात मोदक, आणि कुणीतरी म्हणतो, "आमची फिट काढायची आहे, तुम्हाला म्हणून सांगतो." आता यांच्या गाडीला मेकॅनिक कसा दाखवायचा? त्यांच्या मिसेस काय म्हणतील? भीड भिकेची बहीण म्हणतात, आणि ती बहीण परदेशातही आपला पत्ता बरोबर शोधत येते.

म्हणून हल्ली मी मुलांना २०१७ च्या करारविषयक कायद्यातली एक गोष्ट सांगतो. विकणाऱ्याच्या चुकीच्या सांगण्यावर विसंबून तुम्ही सौदा केलात, तर ते मुद्दाम सांगितलं की भाबडेपणाने, याने फरक पडत नाही. भरपाई मागता येते. त्यासाठीच्या डिस्प्युट्स ट्रिब्युनलमध्ये बाजू मांडायला वकीलही चालत नाही, आपलं आपणच बोलायचं. म्हणजे त्या शिक्षिकाबाईंनी छातीवर हात ठेवून शहाऐंशी हजार सांगितले असते, सौदा झाला असता आणि स्टिकर नंतर सापडलं असतं, तर एका भल्या बाईवर म्हातारपणी आमच्या जोडप्याशी वाद घालायची पाळी आली असती.

तेव्हा मेकॅनिक न्यावा, आणि चांगल्या माणसाकडे तर हटकून न्यावा. लबाडाला त्याचा राग येईल, तो येऊ द्यावा. चांगल्या माणसाला मात्र आपण विकतोय ते नक्की काय आहे, हे बहुधा पहिल्यांदाच आणि तेही आपल्या खर्चाने कळतं. त्याच्या चहाची याहून चांगली परतफेड मला तरी माहीत नाही.