डेटा उडाला? नवशिक्यांनी निदान असे करावे

सोमवारी सकाळी पतसंस्थेच्या मॅनेजरसाहेबांचा फोन येतो: सभासदांची यादी कोरी दिसतेय. अभिनंदन! खालचा क्रम बिनचूक पाळा, म्हणजे खरं कारण सापडण्याचा धोका राहणार नाही.

१. प्रथम म्हणा, "माझ्या मशीनवर तर चालतंय." यात खोटं काही नाही. तुमच्या विंडोजवरचं मायएसक्यूएल टेबलाच्या नावात मोठा 'एम' की छोटा 'एम' हे बघत बसत नाही. लिनक्स सर्व्हरवर मात्र ती सहसा दोन वेगळी टेबलं. नोंदी एकात जातात, रिपोर्ट दुसऱ्यातून निघतो. हे कुणाला सांगू नका, नेटवर्कवाल्यांना फोन लावा.

२. सर्व्हर रीस्टार्ट करा. कुणी खऱ्या टेबलाच्याच नावाने तात्पुरतं टेबल बनवलं असेल, तर त्या कनेक्शनपुरतं खरं टेबल झाकलं जातं आणि नव्या नोंदी तात्पुरत्यात पडतात. कनेक्शन तुटलं की ते टेबल नोंदींसकट गेलं. रीस्टार्टमुळे सगळी कनेक्शनं एकदम तुटतात आणि पुरावाही उरत नाही.

३. स्टोअर्ड प्रोसिजर शक्यतो उघडू नका. मोह आवरलाच नाही तर आत एक निरागस ओळ दिसेल: सभासदांमधून डिलीट करा, जिथे आयडी = आयडी. डावीकडचा आयडी टेबलाचा आणि उजवीकडचा पॅरामीटरचा, असं लिहिणाऱ्याच्या मनात होतं. मन वाचायची सोय डेटाबेसमध्ये नाही. मायएसक्यूएल दोन्हीकडे पॅरामीटर धरतं, ओरॅकल दोन्हीकडे कॉलम. मतं उलटी, निकाल तोच: अट प्रत्येक ओळीला खरी, टेबल साफ. पोस्टग्रेस तेवढं ९.० पासून अडून बसतं आणि विचारतं, नक्की कुठला आयडी? ही कटकट बंद करायची सेटिंगही आहे. ती लावा. पॅरामीटरचं नाव बदलणं फार कष्टाचं, आणि तुम्हाला तरी वेळ कुठे आहे, बिचारे!

४. मराठी बाणा दाखवायचा असेल तर टेबलांना ऐसपैस देवनागरी नावं द्या. एक टेबल 'सभासद_मासिक_हप्ता_वसुली_जुनी', दुसरं 'सभासद_मासिक_हप्ता_वसुली_नवी'. पोस्टग्रेस नावाचे पहिले ६३ बाइट ठेवतं आणि पुढचं छाटतं. देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-वेलांटीसुद्धा, ३ बाइट खातं. मोजून पाहा: ६३ बाइट बरोबर 'वसुली'पाशी संपतात. जुनी काय नि नवी काय, डेटाबेसला दोन्ही एकच! वर तुम्ही 'टेबल नसेल तरच बनव' असं लिहिलेलं असतं, त्यामुळे दुसऱ्या वेळी ते "आहे की आधीच" म्हणून पुढे सरकतं. मग वर्षअखेरीला साफसफाई म्हणून 'जुनी' ड्रॉप करा. पोस्टग्रेस या सगळ्याची वेळोवेळी नोटीस देतं, पण नोटिसा वाचायच्या असत्या तर आपण सोसायटीचे सेक्रेटरी झालो असतो.

५. आता कारणमीमांसेचा अहवाल लिहा. 'मानवी चूक' हा शब्दप्रयोग हमखास चालतो. मानव म्हणून गेल्या महिन्यात राजीनामा देऊन गेलेला ज्युनिअर निवडा. 'नावांचा गोंधळ' असं चुकूनही लिहू नका, लगेच "मग नावं कुणी ठेवली?" असा प्रश्न येतो.

६. शेवटी बॅकअप शोधा. तो रोज रात्री न चुकता होतो, त्याच फोल्डरमध्ये, त्याच नावाच्या फाइलवर. टेबल शनिवारी रिकामं झालं. त्याच रात्री त्या रिकाम्या टेबलाचा बॅकअप व्यवस्थित पूर्ण झाला आणि शुक्रवारची फाइल पुसली गेली.